न विचारता आलेलं उत्तर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत: ब्राउझरमध्ये आणि सर्चमध्ये आलेलं एआय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि यातली तीन पत्रं निवडली. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल थोडं सांगते. वाशीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी बत्तीस वर्षं संदर्भ विभाग सांभाळला. आता ठाण्यात राहते आणि दर शनिवारी सकाळी घंटाळी मैदानाजवळ ज्येष्ठांना मोबाइल आणि कॉम्प्युटर शिकवते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, वय एकाहत्तर. पंधरा वर्षं एकच ब्राउझर वापरतो आहे. गेल्या काही महिन्यांत एकामागून एक अपडेट आले. आता बाजूला एक पट्टी उघडते आणि ‘या पानाचा सारांश देऊ का’ असं विचारते. काही शोधलं की आधी तयार उत्तर येतं आणि ज्या लिंक मला हव्या असतात त्या खाली ढकलल्या जातात. मुलगा म्हणतो, ‘बाबा, दुर्लक्ष करा.’ पण जे मी मागितलंच नाही, त्याकडे रोज दुर्लक्ष करायची मेहनत मी का घ्यायची? हे बंद होतं का? की माझंच काही चुकतंय?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सर, तुमचं काहीही चुकत नाही आणि तुम्ही एकटेही नाही. फायरफॉक्स या ब्राउझरचंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बनवणाऱ्या मोझिलाने त्यात ‘एआय विंडो’, म्हणजे एआयशी बोलत पानं बघायची वेगळी खिडकी, आणत असल्याचं जाहीर केलं. जुन्या वापरकर्त्यांनी लगेच ‘आम्हाला हे नको’ असं कळवलं. डिसेंबरमध्ये नवे मुख्य कार्यकारी अधिकारी अँथनी एन्झर-डिमेओ यांनी फायरफॉक्सचा पुढे ‘आधुनिक एआय ब्राउझर’ होईल असं लिहिलं, आणि मग लोकांचा राग उफाळून आला. शेवटी सगळं एआय एका जागी बंद करता येईल असा खटका देण्याचं आश्वासन कंपनीला द्यावं लागलं. फेब्रुवारी २०२६ मध्ये आलेल्या १४८ क्रमांकाच्या आवृत्तीत तो खटका आहे. लोकांनी तक्रार केली म्हणून तो आला. म्हणून तुमच्या मुलाचा सल्ला मला पटत नाही.

फायरफॉक्स वापरणाऱ्यांनाच एवढा राग का आला, तेही समजून घेण्यासारखं आहे. हा ब्राउझर नव्या कॉम्प्युटरवर आयता क्वचितच सापडतो. २००४ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली, तेव्हापासून लोक तो मुद्दाम शोधून, स्वतःच्या हाताने बसवत आले आहेत. ज्याने निवडून घेतला, त्याला न विचारता बदल झाला की जास्त लागतं.

तुम्ही ब्राउझरचं नाव लिहिलेलं नाही, म्हणून नेहमीच्या वापरातल्यांचं सांगते. फायरफॉक्स असेल तर आधी तो अपडेट करा, सेटिंग्जमध्ये ‘एआय कंट्रोल्स’ उघडा आणि ‘ब्लॉक एआय एन्हान्समेंट्स’ चालू करा. आत्ता असलेल्या सोयी तर बंद होतातच, पुढे येणाऱ्याही बंदच राहतात. मात्र यात पानांचं भाषांतरही येतं. ते हवं असेल तर तेवढंच परत सुरू करा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये कोपऱ्यातलं कोपायलटचं, म्हणजे त्यांच्या एआयचं, बटण सेटिंग्जमधून लपवता येतं. आणि विवाल्डी नावाचा ब्राउझर आहे, त्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीरच केलं की गप्पा मारणारं, सारांश देणारं एआय आम्ही आत्ता घालणार नाही.

वर येणारं तयार उत्तर मात्र ब्राउझरचं नसतं, सर्चचं असतं. माझ्या वर्गात या दोन गोष्टींची गल्लत सगळ्यांत जास्त होते. ब्राउझर म्हणजे गाडी, सर्च म्हणजे रस्ता विचारायचा माणूस. गाडी बदलली तरी माणूस तोच राहतो. गूगलने हे उत्तर कायमचं बंद करायची सोय दिलेली नाही. शोधून झाल्यावर वरच्या ओळीत ‘वेब’ असा टॅब असतो, कधी ‘मोअर’च्या आत लपलेला असतो. तो दाबला की नुसत्या लिंक दिसतात, जुन्या दिवसांसारख्या. दर वेळी दाबावा लागतो, ही माझीही तक्रार आहे. गूगलऐवजी डकडकगो हे सर्च वापरलंत तर त्याच्या सेटिंग्जमध्ये एआयचं उत्तर ‘कधीच नको’ असं एकदाच सांगून ठेवता येतं.

आता मला यात खरं काय खुपतं ते सांगते. गेल्या महिन्यात वर्गातल्या एका आजींनी फोनला तोंडानेच विचारलं, ‘ठाणे घरपट्टी सवलत शेवटची तारीख.’ लगेच उत्तर आलं, ठळक अक्षरांत, तारखेसकट. आजींनी पिशवीतून छोटी डायरी काढली, चष्मा वर केला आणि तारीख लिहून घेतली. डायरी मिटणार तेवढ्यात मी म्हटलं, थांबा, त्या वाक्याच्या शेवटी साखळीच्या कडीसारखं बारीक चिन्ह आहे ना, ते दाबा. दाबल्यावर एका बातमीचं पान उघडलं. बातमी खरी होती, तारीखही खरी होती, फक्त दोन वर्षांपूर्वीची होती. आजी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग यानं साल का नाही सांगितलं?’ त्यांनी डायरीतली ओळ खोडली आणि घरी जाऊन महापालिकेच्या बिलावरची तारीख बघितली.

तोच प्रश्न मी बत्तीस वर्षं विद्यार्थ्यांना विचारत होते. हे कोणी म्हटलं आहे, आणि कधी? आमच्या विभागात मराठी विश्वकोशाचे खंड दाराजवळच्या मांडणीत असत. त्यातली नोंद काढा, शेवटी सहसा लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि संदर्भही असतात. विद्यार्थी नोंद उतरवून घ्यायचे आणि नाव सोडून द्यायचे, तेव्हा मी वही परत द्यायचे. नोंदीखाली सही आहे म्हणजे तिची जबाबदारी कोणीतरी घेतली आहे. वर येणाऱ्या तयार उत्तराला सही नसते. मे २०२४ मध्ये अमेरिकेत गूगलने ही उत्तरं सगळ्यांना दाखवायला सुरुवात केली, तेव्हा पिझ्झ्यावरचं चीज घसरत असेल तर गोंद घाला, असं एका उत्तरात आलं होतं. कोणीतरी फार वर्षांपूर्वी गंमत म्हणून लिहिलेलं वाक्य सल्ला होऊन वर आलं. मूळ पान उघडलं असतं तर ती थट्टा आहे हे कोणालाही एका नजरेत कळलं असतं. उत्तरात आशय उचलला गेला आणि तो कोणत्या सुरात म्हटला होता ते मागे राहिलं.

हे सगळं आपल्यावर का लादलं जातंय, असं बऱ्याच जणांनी विचारलं आहे. त्यामागे पैशाचं गणित आहे. ब्राउझर आपल्याला फुकट मिळतो. मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलकडून येतं, कारण फायरफॉक्समध्ये आधीपासून बसवलेलं सर्च गूगलचं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली. त्यानंतर अशा करारांचं पुढे काय होणार, हा घोर ब्राउझर बनवणाऱ्यांना लागला होता. त्यांना नवे भागीदार हवेत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये फायरफॉक्सच्या सर्चच्या यादीत परप्लेक्सिटी हे एआयने उत्तर देणारं सर्च आलं. ती एक निवड आहे, सक्ती नाही, आणि ते मला मान्य आहे. यादीत नाव वाढवणं वेगळं आणि माझ्या पानावर आधी स्वतः बोलणं वेगळं.

प्रश्न : ताई, मी ऐरोलीत घरगुती डबे देते. मला हे एआयचं सर्च खूप आवडतं. मोबाइल कंपनीकडून वर्षभरासाठी परप्लेक्सिटी फुकट मिळालं. आधी एखादी माहिती काढायची तर दहा पानं उघडायची, जाहिराती बंद करता करता भाजी करपायची. आता मराठीत बोलते आणि उत्तर मिळतं. पण नणंद म्हणते, हे सगळं खोटं असतं, वापरू नकोस. मी चूक करतेय का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, बिनधास्त वापरा. ज्या बाईला दुपारी साडेअकराच्या आत डबे भरायचे आहेत तिला दहा पानं वाचायला सांगणं मला जमणार नाही. इंटरनेटवरची पानं जाहिरातींनी इतकी भरली की लोकांना तयार उत्तर बरं वाटू लागलं, ही त्या पानांचीही चूक आहे.

जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना परप्लेक्सिटीचं पैसे भरून मिळणारं सदस्यत्व वर्षभर मोफत देऊ केलं, तुम्हाला मिळालं ते बहुधा तेच. ही कंपनी २०२२ साली निघाली. तिचे एक संस्थापक अरविंद श्रीनिवास मद्रास आयआयटीचे. वर्ष संपत आलं की सदस्यत्वाच्या पानावर जाऊन पाहा. कार्डाचा नंबर कधी दिला असेल तर पुढच्या वर्षीचे पैसे आपोआप कापले जाणार नाहीत ना, एवढी खात्री करून घ्या.

उत्तराच्या वाक्यांपाशी तुम्हाला बारीक आकडे किंवा पानांची नावं दिसतील. पैसा, तारीख, औषध, कायदा आणि फोन नंबर, या पाच गोष्टींत ती दाबल्याशिवाय पुढे जायचं नाही. डब्याच्या व्यवसायाला अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी लागते. ती कशासाठी, कागद साधारण कोणते, हे एआयला जरूर विचारा, ते सोप्या मराठीत समजावून देईल. पण शुल्क आणि अर्ज फक्त सरकारच्या फॉसकॉस या साइटवरच बघायचे. कस्टमर केअरचा नंबरही असाच: कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा बिलावरून घ्या. फसवणारे लोक खोटे नंबर जागोजागी पेरून ठेवतात आणि पेरलेलं उचललं जातं.

आणखी एक सवय लावून घ्या. ज्याचं उत्तर तुम्हाला पाठ आहे असा प्रश्न त्याला आधी विचारून बघा. माझ्या भाचीने तिच्या फोनमधल्या अशाच एका सहाय्यकाला विचारलं की कोपरीत ताटवाट्या घाऊक भावात कुठे मिळतील. आता कोपरी ठाणे पूर्वेला आहे आणि कोपरी गाव वाशीलाही आहे, हे आपल्याकडच्या रिक्षावाल्याला सांगावं लागत नाही. तोच विचारतो, ‘कुठली कोपरी?’ सहाय्यकाने विचारलं नाही. दोन्हीकडची दुकानं एकाच यादीत घातली आणि सगळी स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहेत असं सांगितलं. कुठलं स्टेशन ते काही सांगितलं नाही. तुम्ही ऐरोलीबद्दल दोनचार प्रश्न विचारून बघा, म्हणजे हे कुठे पक्कं आहे आणि कुठे ठोकून देतं, याचा तुम्हाला स्वतःचा अंदाज येईल. नणंदेलाही शेजारी बसवा.

आणि एक विनंती, माझ्यासाठी. पाककृती विचाराल तेव्हा ती जिथून आली त्या पानावर एकदा तरी जाऊन या. कुठल्या तरी गावातल्या बाईने तीन वेळा करून बघून ती मराठीत लिहिलेली असते. तिच्या पानावर कोणी गेलंच नाही तर ती लिहायची थांबेल. मराठीत लिहिणारे आधीच मोजके आहेत. ते थांबले तर पुढे एआय तरी मराठीत कुठून शिकणार, ही काळजी मला रात्री झोपतानाही असते.

प्रश्न : मावशी, मी कळव्याला राहतो, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आता नवे ब्राउझर आपल्या वतीने कामंही करतात: मेल वाचतात, तिकीट काढतात, वस्तू मागवतात. वापरायला हरकत आहे का?
— एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : मावशी म्हणालास म्हणून तुला अरेतुरेच करते. वापरून बघ, तुझं शिक्षणच ते आहे. पण बँक आणि मुख्य मेल ज्यात उघडी असतात त्या ब्राउझरमध्ये नको.

ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्ह या दुसऱ्या ब्राउझरच्या संशोधकांनी परप्लेक्सिटीच्या कॉमेट ब्राउझरमधली एक त्रुटी उघड केली. त्यांनी एका सार्वजनिक पानावरच्या प्रतिक्रियेत काही सूचना लपवून ठेवल्या. मग कॉमेटला फक्त एवढंच सांगितलं की या पानाचा सारांश दे. पान वाचता वाचता त्याने त्या लपलेल्या सूचना मालकाच्याच समजल्या आणि पाळल्या. त्याने वापरकर्त्याचा ईमेल पत्ता काढला, मेलमध्ये जाऊन ओटीपी वाचला आणि दोन्ही त्याच प्रतिक्रियेखाली उत्तर म्हणून टाकले. ही त्रुटी त्यांनी कंपनीला आधीच कळवली होती. पण अडचण एका ब्राउझरपुरती नाही. वाचायचा मजकूर आणि पाळायचा हुकूम या दोन्ही गोष्टी या यंत्रणेकडे एकाच वाटेने, शब्दांतूनच येतात. त्या पक्क्या वेगळ्या कशा करायच्या, हे अजून कोणालाच पुरतं साधलेलं नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर हा घे.

तोवर अशा ब्राउझरसाठी वेगळं प्रोफाइल कर, त्यात एक रिकामं मेल खातं ठेव आणि पैसे भरायच्या पायरीला हात स्वतःचाच असू दे. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर असलं काही बसवून देऊ नकोस. आणि कधी पैसे गेलेच तर एआयला विचारत बसायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावायचा. हा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून दे, आजीच्या फोनमध्ये सगळ्यांत आधी.