पासवर्डची वही मुलाकडे दिली, तेवढ्यानं भागेल का?

प्रश्न : मी 67 वर्षांची, पती हयात नाहीत. पाककृतींचं माझं यूट्यूब चॅनल आहे, त्याचे पैसे बँकेत जमा होतात. घरातले सगळे फोटो गुगलवर आहेत. पासवर्डची वही मुलाकडे दिली आहे. कॅनडातली मुलगी म्हणते, एवढं पुरेसं नाही. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, मुलीचं म्हणणं खरं आहे. वहीमुळे मुलाला खातं उघडता येईल, त्यावर हक्क मिळणार नाही. तुमच्या पश्चात त्यानं तुमच्या ओटीपीवर पैसे काढले, तर उद्या बहीणही हिशोब मागेल आणि बँकही. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं दोघांचा वाटा सारखा. नॉमिनी मुलगा असला, तरी तो पैसे घेतो ते वारसांच्या वतीनं. सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये शेअर्सच्या नॉमिनीबद्दलही हेच स्पष्ट केलं.

म्हणून मृत्युपत्र कराच, आणि कागदावर करा. माहिती तंत्रज्ञान कायद्यातून मृत्युपत्र वगळलेलं आहे, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ त्या जागी चालत नाही. साधा कागद पुरतो, स्टॅम्प लागत नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मुलांपैकी कुणाला साक्षीदार घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, पण घरात दोन वारस असताना मी ती करून घ्या असंच सांगेन. चॅनलचं पुढचं उत्पन्न कुणाला, हे नाव घालून लिहा. पासवर्ड मात्र त्यात नकोत. तो कागद पुढे किती जणांच्या हातांतून जाईल, सांगता येत नाही.

फोटोंचं काम निव्वळ मृत्युपत्रानं होत नाही, कारण खातं गुगलच्या अटींवर चालतं. सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ शोधा. खातं 3 ते 18 महिने, म्हणजे तुम्ही ठरवाल तितका काळ, वापरात नसलं, की तुम्ही दिलेल्या माणसांना गुगल कळवतं आणि तुम्ही निवडलेला डेटा उतरवून घेऊ देतं. दोन्ही मुलांची नावं घाला. नाहीतर त्यांना कागदपत्रं जोडून गुगलकडे विनंती करावी लागेल, आणि ती मान्य होईलच असं नाही. चॅनलसाठी यूट्यूब स्टुडिओतून मुलीला आत्ताच मॅनेजर करा. त्यासाठी पासवर्ड द्यावा लागत नाही.

मुलाला एक आवर्जून सांगून ठेवा. आईचं सिम घाईनं बंद करायचं नाही, विमा आणि बँकेचे मेसेज त्याच नंबरवर येत राहतात. बँकेला मात्र लगेच कळवायचं, आणि तुमच्या यूपीआयला हात लावायचा नाही.