वाचक विचारतात: भाग घेत नाही तर वेग कसा वाढवतो?

प्रश्न: मुलगी दहावीला आहे. तिच्या क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की उत्प्रेरक रिअ‍ॅक्शनमध्ये भाग घेत नाही, नुसता वेग वाढवतो. ती म्हणते, भागच घेत नाही तर वेग वाढतो कसा? मला काही सांगता येईना.
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, आधी मुलीला शाबासकी द्या, तिची शंका अगदी बरोबर आहे. उत्प्रेरक भाग घेतोच, फक्त शेवटी होता तसा परत मिळतो.

मेडिकलमध्ये जखम धुवायला हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं ना, त्याचं बाटलीत आपोआप पाणी आणि ऑक्सिजन होतच असतं, पण इतकं हळू की महिनोन्महिने पत्ता लागत नाही, कारण रेणूतल्या दोन ऑक्सिजनची एकमेकांवरची पकड सोडवायला जी एनर्जी लागते ती साध्या तापमानाला फारच थोड्या रेणूंकडे असते. आता त्यात चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड टाकलं की आयोडाइड एका रेणूतला एक ऑक्सिजन स्वतःकडे ओढतो, पाणी सुटतं, मग दुसरा रेणू भेटला की ऑक्सिजन वायू बाहेर पडतो आणि आयोडाइड पुन्हा मोकळा, पुढच्या रेणूसाठी तयार. या वाटेनं एनर्जी कमी लागते, सगळी मेख तिथेच आहे.

घरी आयोडाइड नसतं, बटाटा असतो! त्यात कॅटलेज नावाचं एन्झाइम, म्हणजे सजीवांमधला उत्प्रेरक आहे, आपल्या रक्तातही आहे, म्हणून तर जखमेवर फेस येतो. दोन काचेच्या ग्लासात थोडं थोडं पेरॉक्साइड घ्या, एकात कच्ची फोड टाका, दुसऱ्यात उकडून गार केलेली. कच्चीवर लगेच पांढरा फेस चढतो, उकडलेली गप्प, कारण उष्णतेनं एन्झाइमचा आकारच बिघडलेला असतो. फेसाच्या बुडबुड्यात धुमसती अगरबत्ती धरली तर टोक लखकन लाल होतं, तो ऑक्सिजन (हे मात्र तुम्ही शेजारी उभ्या राहून करा). मग ते ओतून टाका आणि त्याच कच्च्या फोडीवर ताजं पेरॉक्साइड घाला, परत फेस, म्हणजे एन्झाइम संपलेलं नाही.

अजून एक, यात मुलं हमखास चुकतात. उत्प्रेरकामुळे ऑक्सिजन जास्त मिळत नाही, लवकर मिळतो. बाटलीवर 20 व्हॉल्यूम लिहिलेलं असेल तर 1 मिलीतून साधारण 20 मिलीच ऑक्सिजन निघणार, बटाटा टाका नाहीतर नका टाकू.

आणि वापरलेलं पेरॉक्साइड बाटलीत परत ओतू नका हं, बटाट्याचा बारीकसा कण जरी गेला तरी झाकण लावल्यावर आत गॅस साठत राहतो.