अकरा दिवस पडून राहिलेला प्रश्न

"मॅडम, एक दिवस व्हिडिओ टाकला नाही तर लोक मला विसरतील. रात्री तीनला जाग येते आणि हात आधी मोबाईलकडे जातो."

आषाढातल्या एका दुपारी, छत्री दाराशी ठेवता ठेवताच त्या बोलू लागल्या. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या, पंचेचाळिशीच्या. (त्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) 'जरा संथ झाले तर मागे पडेन' ही काळजी घेऊन आजकाल माझ्याकडे सल्ल्यासाठी बरेच जण येतात. त्यांना 'मोबाईल कमी वापरा' एवढंच सांगून भागत नाही, हे मला या बाईंनी शिकवलं.

त्यांच्या नवऱ्याचा ट्रक खाणीवर होता. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. पुढे विकला. त्यामुळे पैशाची चिंता खरी होती, मनाचा खेळ नव्हता. बाईंकडे एक विद्या होती: सासूबाईंनी शिकवलेली माटोळी. चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या त्या लाकडी चौकटीत कुठलं रानफळ लागतं, ते कुठल्या डोंगरावर, कधी मिळतं, हे त्यांना तोंडपाठ. भाच्याने चॅनल काढून दिला. पहिला व्हिडिओ माटोळीची फळं बांधायला कुमयाच्या झाडाच्या सालीचे दोर कसे काढायचे याचा. घरामागच्या टेकडीवर, पावसात भिजत केलेला. तो मी पाहिला. साल सोलताना त्या बोलायच्या थांबतात, कारण तेव्हा लक्ष हातात हवं. फार सुंदर आहे ते थांबणं.

मग भाच्याने नियम सांगितला. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं जमावं लागतं. त्या दिवसापासून बाई तास मोजू लागल्या. थांबलेल्या जागा कापल्या. टेकडी चढायला वेळ जातो म्हणून फळं बाजारातून आणून अंगणात शूटिंग. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "डोंगर न बघता माटोळी सांगतेस काय गो?" ते त्यांना फार लागलं.

माझा पहिला सल्ला चुकला. दहा दिवस मोबाईल कपाटात ठेवा म्हटलं. चौथ्या दिवशी त्या आल्या त्या जास्तच अस्वस्थ होऊन. बहीण बंगळूरला, मुलगा बोटीवर. त्यांची माणसंच त्या मोबाईलमध्ये होती, आणि मी माणसांसकट कपाट बंद केलं होतं.

तेव्हा वही दिली. मोबाईल उचलला की लिहायचं: पलीकडे कोण आहे? माणूस असेल तर नाव, नाहीतर नुसतं 'आकडा'.

आठवड्याने वही उघडली. पानंच्या पानं 'आकडा, आकडा'. नावं सहा. त्यातलं एक पुण्यातल्या एका मुलीचं: लग्नानंतरची पहिली चवथ, भाड्याचा फ्लॅट, 'मावशी, इथे कवंडळ मिळत नाही, त्याच्या जागी काय बांधू?' कवंडळ म्हणजे माटोळीतलं लाल रानफळ. प्रश्न येऊन अकरा दिवस झाले होते. बाईंनी तो तेव्हाच वाचला होता, पण उत्तर दिल्याने तास वाढणार नव्हते. हे सांगताना त्या रडल्या. मी पाणी दिलं आणि गप्प बसले.

नंतर त्यांना एक जुना प्रयोग सांगितला. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांचे गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. थोड्या दिवसांनी कुणी काही न सांगता रंग समोर ठेवले, तर बक्षिसासाठी काढणारी मुलं इतरांच्या निम्माच वेळ रंगात रमली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं, त्यांची गोडी मात्र टिकली. बाई म्हणाल्या, "म्हणजे पैशाने नाही, पैशाकडे डोळे लावून बसल्याने गेलं." मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

आणखी एक गोष्ट त्यांना नवी होती. आपण जे वेब म्हणतो, त्याची मूळ प्रणाली सर्न या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सगळ्या जगाला विनामूल्य खुली केली. आपल्या गोवा विद्यापीठानेही २०१३ मध्ये कोकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा, दिला. "आमच्या दोरासारखंच की," त्या म्हणाल्या. "डोंगराची साल, कोण पैसे घेतो?"

पैशाचं वेगळं बसून ठरवलं. आमसुलं आणि फणसाचे पापड, आठवड्याचे दोन दिवस, ठरलेली गिऱ्हाइकं, भाव वहीत. त्या कामाला नफा हवाच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मिळकत फार नाही, पण ती आकड्याच्या मर्जीवर नाही. माटोळीचं मात्र पैशाविना. चॅनल बंद केला नाही, जाहिरातीचा नाद सोडला. वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बायकांचा एक ग्रुप केला: कुणाच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) तोरिंगणाचं फळ लागलंय, कुणाला सुपारीचा घोस हवाय. फॉरवर्ड नाहीत, विक्री नाही. रात्री नवानंतर मोबाईल देवखोलीत. झोप लगेच सुधारली नाही. महिना गेला, आणि मधे एकदा पुन्हा तास मोजून झाले. ते त्यांनी स्वतःहून सांगितलं.

'सुशेगाद' या शब्दाची जाहिरातवाल्यांनी फार नासाडी केली आहे. समुद्रकिनाऱ्यावर लोळणं नव्हे ते. सोसेगादो या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ निवांत, शांत झालेला. पहाटे शेतात राबून आलेला माणूस दुपारी पेज जेवून आडवा होतो, ते सुशेगाद. आधी काम असतं, मग विसावा.

चवथ झाल्यावर त्या आल्या. मोबाईलवर पुण्याचा फोटो दाखवला. पडद्याच्या दांडीला बांधलेली माटोळी: दोन सफरचंदं, एक दुधी, काकडी, आणि मधोमध लालभडक कवंडळ. वाड्यावरच्या कुणीतरी रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे पिशवी दिली होती.

बाईंनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ बघितला.

"देठ आणखी थोडा लांब ठेवायला हवा होता," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मीच काढून देते."