साबोनिसचे आकडे वाचताना

तुमचा प्रश्न असा की बास्केटबॉलपटू अर्विदास साबोनिसची एनबीएतली (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधली) सरासरी सामन्यामागे 12 गुण आणि 7.3 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर ताब्यात घेतलेले चेंडू), सामने अवघे 470. मग त्याचं एवढं नाव का, आणि 2011 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये कसा? आकडे बरोबर आहेत. (हॉल ऑफ फेम, म्हणजे दिग्गजांचा सन्मान होतो ती जागा, एकट्या एनबीएचा नाही, तिथे जगभरचं बास्केटबॉल धरतात, एवढं आधीच सांगतो.) पण हे आकडे कुठल्या वयातले आणि कसल्या पायांवरचे, ते बघायला हवं.

पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने त्याला 1986 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, 24 व्या क्रमांकावर घेतलं. त्यांच्याकडून तो पहिला सामना खेळला 1995 मध्ये. सगळं उत्तर या नऊ वर्षांत आहे.

तो लिथुआनियातल्या कौनासचा, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघातला. तिथल्या झालगिरिस क्लबने मॉस्कोच्या सीएसकेए क्लबला मागे टाकून 1985 ते 1987 सलग तीनदा सोव्हिएत लीगचं विजेतेपद मिळवलं, ते याच्या जोरावर. उंची 2.21 मीटर, आणि तरी रिबाउंड घेऊन स्वतःच चेंडू पुढे नेणारा पोरगा. त्याच सुमारास टाचेमागची जाड शीर, अकिलीस, तुटली. ती भरून येत होती तोवर पुन्हा तुटली. 1988 मध्ये उपचारांसाठी पोर्टलंडला जाऊन आला आणि त्याच वर्षी सोल ऑलिंपिकमध्ये उतरला. उपांत्य सामन्यात डेव्हिड रॉबिन्सनचा अमेरिकी संघ 82-76 असा हरला, पुढे सोव्हिएत संघाला सुवर्णही मिळालं. पण त्या पायावर त्याला इतक्या लवकर खेळवायला नको होतं, हे माझं ठाम मत आहे.

1989 मध्ये परदेशात खेळायची परवानगी मिळाली तेव्हा तो स्पेनला गेला. आधी वायादोलिद, मग रेआल माद्रिद. 1995 मध्ये माद्रिदला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं आणि मगच अमेरिका गाठली. पोर्टलंडचे तेव्हाचे जनरल मॅनेजर बॉब व्हिटसिट यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे: डॉक्टर म्हणाले, नुसत्या एक्स-रेवर याला अपंगांसाठीची पार्किंगची जागा मिळेल.

अशा पायांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पहिल्या मोसमात तो सामन्यामागे जेमतेम 24 मिनिटं खेळला. तेवढ्यात 14.5 गुण आणि 8.1 रिबाउंड. हेच मुख्य खेळाडू साधारण खेळतात तेवढ्या 36 मिनिटांच्या हिशेबात मांडलं तर सुमारे 22 गुण आणि 12 रिबाउंड होतात. 1997-98 मध्ये तर सरासरी 16 गुण, 10 रिबाउंड आणि 3 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) होती.

आकड्यांत न दिसणारी गोष्ट बघायची असेल तर त्या वर्षांचे सामने काढा आणि फक्त त्याचे पाय बघा. फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्याशी तो बास्केटकडे पाठ करून चेंडू घेतो. चेंडू एका हातात, डोक्याच्या वर, जिथे कुणाचा हात पोचत नाही. पाय जागचे हलत नाहीत. मागून सहकारी आत धावतो, आणि मान न वळवता चेंडू खांद्यावरून थेट त्याच्या हातात. बचाव करणारा वळेपर्यंत ले-अप, म्हणजे बास्केटजवळून सोपा गोल, झालेला असतो. मी स्वतः बरीच वर्षं सेंटर, म्हणजे साबोनिसच्याच जागी, खेळलो आहे. तो पास किती अवघड आहे ते मला माहीत आहे, तो मला कधीच जमला नाही. आज एनबीएतल्या निकोला योकिच या सेंटरचे असेच पास बघून लोक थक्क होतात, तेव्हा मला हटकून साबोनिस आठवतो.

2003 मध्ये पोर्टलंड सोडून तो कौनासला, झालगिरिसकडेच परतला. 2003-04 च्या युरोलीगमध्ये (युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत) नियमित फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. तेव्हा तो 39 वर्षांचा होता.