जीनोमची जोडणी की जुळणी?

दोनापावल्याहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे: 'मी सूक्ष्मजीवांच्या जीनोम असेंब्लीचं काम संगणकावर करते. घरी फोंड्याला असेंब्ली म्हटलं की सगळ्यांना पर्वरीची विधानसभाच आठवते. मराठीत जोडणी म्हणू का?'

ताई, 'जुळणी' म्हणा. जीनोम म्हणजे जिवाचा सगळा डीएनए. यंत्र जिवाणूचा डीएनए एका दमात वाचत नाही, त्याचे लाखो तुकडे वाचून देतं. इल्युमिनाच्या यंत्रावर एक तुकडा बहुधा दीडशे ते तीनशे अक्षरांचा. एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी तंतोतंत मिळतो का, हे ताडून मगच ते एक करायचे. गाडीला डबा जोडतात तेव्हा असं ताडून पाहावं लागत नाही. पत्रिका मात्र जुळावी लागते. शिवाय छापखान्यातली 'अक्षरजुळणी' आपल्याकडे आहेच. डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांच्या कामाला तो वारसा मला फार शोभून दिसतो. फक्त नव्या जिवाणूच्या बाबतीत समोर हस्तलिखित नसतं.

'जोडणी'ही टाकून देऊ नका, तिचं काम वेगळं आहे. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) आरएनएच्या जनुकांचा सुमारे पाच हजार अक्षरांचा गट सात ठिकाणी, जवळजवळ सारखाच येतो. दीडशे अक्षरांचा तुकडा सातही ठिकाणी जुळतो, पण जोडायचा कुठे ते ठरत नाही. तिथे जीनोम तुटक राहतो. नॅनोपोरसारख्या यंत्रांवर हजारो अक्षरांचे तुकडे एकसंध मिळतात, ते असा गट ओलांडून पलीकडे पोचतात आणि जोडणी पुरी होते.

जीनोमला 'जनुकसंच' हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण जीनोममध्ये जनुकांच्या मधला मजकूरही आला. 'जीनोम'च ठेवावा. १९९५ मध्ये हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जिवाणूचा १८,३०,१३७ अक्षरांचा जीनोम अशाच जुळणीतून पूर्ण झाला. स्वतंत्रपणे जगणाऱ्या जिवाचा तो पहिलाच.

वाचलेले तुकडे जुळून जो अखंड भाग तयार होतो, तो 'काँटिग'. हा शब्द रॉजर स्टेडन यांनी १९८० मध्ये आणला. त्याला 'सलग तुकडा' अगदी चपखल. 'स्कॅफोल्ड'ला मात्र 'परांची' म्हणू नये. इमारत झाली की परांची उतरवतात. स्कॅफोल्डमध्ये सलग तुकडे, मधल्या मोकळ्या जागांसकट, क्रमाने मांडलेले असतात आणि त्याच क्रमाने अंतिम जीनोममध्ये राहतात. 'क्रमबद्ध तुकडे' म्हणता येईल.