फ्रेजमध्ये क्रियापद नसतं, मग व्हर्ब फ्रेज कुठून आली?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी इंग्लिश ग्रामर परत करायला घेतलंय. क्लॉज (उपवाक्य) जमतो पण फ्रेजपाशी, म्हणजे शब्दसमूहापाशी गाडी अडते. एक पुस्तक म्हणतं फ्रेजमध्ये क्रियापद नसतं, दुसऱ्यात व्हर्ब फ्रेज असा प्रकारच दिलाय. आणि 'इन द गार्डन' हे कुठे ॲडजेक्टिव्ह फ्रेज, कुठे ॲडव्हर्ब फ्रेज, कुठे प्रिपोझिशनल फ्रेज. नक्की धरायचं काय?

उत्तर : तिन्ही नावं बरोबर आहेत. फक्त ती दोन वेगळ्या हिशोबांनी दिलेली असतात आणि पुस्तकं हे सांगायचा कंटाळा करतात. प्रिपोझिशनल हे नाव बांधणीवरून पडलंय, सुरुवात 'इन'सारख्या प्रिपोझिशनने झाली की झाली प्रिपोझिशनल. ॲडजेक्टिव्ह आणि ॲडव्हर्ब ही नावं मात्र कामावरून, म्हणजे वाक्य बघितल्याशिवाय ती देताच येत नाहीत.

'द मॅन इन द गार्डन इज माय अंकल' मध्ये कुठला माणूस ते कळतं, म्हणून ॲडजेक्टिव्ह. 'ही इज स्लीपिंग इन द गार्डन' मध्ये कुठे झोपलाय ते कळतं, म्हणून ॲडव्हर्ब. इथे आपल्याला मराठीचा आयता फायदा आहे, मनात मराठी करून बघा. 'बागेतला' माणूस, पण 'बागेत' झोपलाय. ला-ली-लं, चा-ची-चं किंवा वाला लागला की बहुतेक वेळा ॲडजेक्टिव्ह फ्रेज, नुसतं त, वर, ने आलं की ॲडव्हर्ब. आता 'शी हिट द मॅन विथ ॲन अंब्रेला' घ्या, छत्रीवाल्या माणसाला मारलं की माणसाला छत्रीने मारलं? इंग्लिश वाक्यात दोन्ही बसतं, मराठीत एक काहीतरी ठरवावंच लागतं.

नाउन फ्रेज ओळखायला तिच्या जागी ही, शी, इट, दे घालून बघायचं, वाक्य टिकलं की नाउन फ्रेज. वरच्या वाक्यात 'द मॅन इन द गार्डन' एवढं सगळं मिळून 'ही' होतं, म्हणजे एका फ्रेजच्या पोटात दुसरी असू शकते. आणि यातला मुख्य शब्द सापडला पाहिजे बरं का, कारण परीक्षेवाले तिथेच पकडतात. 'द कलर ऑफ दीज कर्टन्स' च्या पुढे 'इज' येणार की 'आर'? कर्टन्स अगदी शेजारी आहेत म्हणून हात 'आर'कडे जातो, पण मुख्य शब्द कलर आहे, म्हणून 'इज'.

राहिलं क्रियापदाचं. शाळेतल्या व्याख्येत खरं म्हणायचं असतं की फ्रेजमध्ये कर्ता आणि फायनाइट व्हर्ब, म्हणजे काळ दाखवणारं क्रियापद, अशी जोडी नसते. म्हणून 'स्विमिंग इन द रिव्हर इज डेंजरस' मध्ये स्विमिंग क्रियापदापासून आलेलं असूनही 'स्विमिंग इन द रिव्हर' फ्रेजच राहते (इट घालून बघा, नाउन फ्रेज). व्हर्ब फ्रेज हा शब्द शाळेच्या व्याकरणात 'हॅज बीन वर्किंग' सारख्या क्रियापदांच्या गटाला लावतात. भाषाशास्त्रात तिची हद्द मोठी आहे, भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने १९५७ साली वाक्याचे नाउन फ्रेज आणि व्हर्ब फ्रेज असे दोन भाग पाडून दाखवले, त्यात क्रियापदासोबत कर्मही येतं, आणि तिथे एकटा शब्दसुद्धा फ्रेज धरतात. परीक्षेला ही भाषाशास्त्राची भानगड लागत नाही, ती बाजूला ठेवा. प्रश्नात फ्रेजचा प्रकार विचारला तर आधी पर्याय बघा. त्यात ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब, नाउन असेल तर काम विचारलंय, मग पुढचा 'इन' किंवा 'विथ' बघून उत्तर ठोकू नका.