घामाचा योग, पण सभासदत्व नको

प्रश्न : ताई, नोकरीसाठी सहा महिने शिकागोत आहे. थंडीने अंग आखडतं, म्हणून हॉट योगा, म्हणजे तापवलेल्या खोलीतला योग, करावासा वाटतो. पण जिथे जावं तिथे वर्षाची मेंबरशिप गळ्यात मारतात. एकेका क्लासचे पैसे भरून जायचं तर स्टुडिओ कसा निवडू?

उत्तर : अगं, टोरांटोत लेकीकडे होते तेव्हा मीही फसले. 'पहिला आठवडा स्वस्त' म्हणून कार्ड दिलं, आणि पुण्याला परतल्यावरही दोन महिने पैसे कापले जात होते! ऑफर आपोआप पुढे चालू राहते का, हे कार्ड काढण्याआधीच विचार. पाच-दहा क्लासचा पास घेतलास तर त्याची मुदतही बघ.

'हॉट' म्हणजे किती, तेही विचार. बिक्रम या हॉट योगाच्या ठरावीक पद्धतीत ९० मिनिटं, २६ आसनं आणि खोली ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, वर दमटपणा. काही ठिकाणी ३२-३५ अंशांवरच भागतं. तू तिथून सुरुवात कर. मला पहिल्याच दिवशी त्रिकोणासनात डोळ्यांपुढे काजवे चमकले. शिक्षिका शांतपणे म्हणाली, "बसा, पाणी प्या." जिथे असं बसू देत नाहीत, तिथे पुन्हा पाऊल टाकू नकोस. रक्तदाब वगैरे असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

भाड्याची मॅट मात्र नाकाशी धरून बघ, म्हणजे स्वतःची का न्यावी ते कळेल. आणि शॉवर, हेअर ड्रायर आहे ना? शिकागोच्या जानेवारीत ओल्या केसांनी बसस्टॉपवर उभं राहायचंय तुला.